पाहुण्याला डोंगल दिसेना

पाहुणचार कसा करावा हे कर्जत-खालापूरच्या माणसाला कुणी शिकवू नये. शुक्रवारी संध्याकाळी खालापूरच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागली की आमच्याकडे चुली पेटतात. बंगल्याची चावी पाहुण्याच्या हातात. पाण्याच्या पंपाची, मीटरपेटीची आणि मागच्या खोलीची मात्र केअरटेकरच्या कनवटीला. दोन दिवस पाहुण्याला वाटतं, बंगला आपलाच. टाकीतलं पाणी संपेपर्यंत तसं वाटायला हरकतही नाही.

हे सगळं मला संगणकासमोर बसून आठवलं, त्याला कारण माझा भाचा.

भाचा ठेकेदार आहे. मोठा नव्हे; मोऱ्या, साकव, गटारं, शाळेची कुंपणभिंत एवढाच पसारा. त्याचा जुना लॅपटॉप गेल्या पावसाळ्यात भिजून मेला, पण हार्डडिस्क वाचली. आता टेंडर भरायचं म्हणजे अमुकच जावा, तमुकच ब्राउझर, आणि एकदा बसलेली घडी मोडायची नाही हा ठेकेदारांचा कुलाचार. म्हणून या पठ्ठ्याने जुनं विंडोज 7 होतं तसं उचललं आणि नव्या लॅपटॉपच्या पोटात आभासी यंत्र करून बसवलं. मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 ला त्याचा आधार काढून घेतला, पण आमच्या घरी ते अजून कमावतं आहे.

संगणकात संगणक. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा. ही माझी कोटी नाही, इंग्रजीतही यांना हीच नावं आहेत. आतल्याला वाटतं, आपल्याला स्वतंत्र डिस्क आहे, स्वतंत्र मेमरी आहे, आपण खरेच. फार्महाऊसच समजा.

टेंडर पाच वाजता बंद होणार होतं. साडेतीनला फोन आला. "मामा, डोंगल आत दिसत नाहीये."

डोंगल म्हणजे डिजिटल सहीचं टोकन. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने या सहीला हाताच्या सहीचं वजन दिलं. तिची गुप्त किल्ली टोकनच्या आत असते आणि ती बाहेर काढता येत नाही. त्यासाठीच तर ते केलेलं. पेन ड्राइव्हमधली फाइल असती तर यजमानाने पाहुण्याच्या ताटात वाढली असती. इथे वस्तूच आत पोचवायला हवी.

दहिवलीला पोचलो तर दृश्य असं. डोंगल लावलं की बाहेरचं विंडोज आनंदाने 'टुडुंग' करतं. आतलं ढिम्म. घाट चढायला कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावतात, तेव्हा धक्का सगळ्या डब्यांना कळतो. इथे खिडकीतल्या प्रवाशाला पत्ताच नाही.

यूएसबीची रीतच तशी आहे. 1996 मध्ये पहिली आवृत्ती आली. ती घडवणाऱ्या चमूतले अजय भट्ट बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ घरचेच. एका मुळावर 127 उपकरणं बसतील अशी ऐसपैस सोय त्यांनी केली. पण उपकरण स्वतःहून बोलत नाही, मालकाने विचारलं तरच उत्तर देतं. आणि मालक एका वेळी एकच. अर्धं बाहेर अर्धं आत, ही सोय नाही.

आभासी यंत्र ज्यात चालतं त्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये यादी उघडून डोंगलच्या नावापुढे खूण केली. उत्तर आलं, उपकरण दुसऱ्या कामात गुंतलंय. दुसरं काम कसलं? नव्या लॅपटॉपवर भाच्याने हौसेने डोंगलचं सॉफ्टवेअर टाकलं होतं, तेच आल्याआल्या त्याच्यावर बसून राहत होतं. सातबारा एकाच्या नावावर आणि कब्जा दुसऱ्याचा, ही आमच्या तालुक्यातली जुनी कथा. कब्जेदाराला हाकललं.

मधला अर्धा तास मी वाया घालवला, तो प्रांजळपणे सांगतो. मला आठवत होतं की यूएसबी 2 साठी वेगळं एक्स्टेन्शन पॅक लागतं आणि त्याची आवृत्ती मुख्य कार्यक्रमाशी तंतोतंत जुळावी लागते. भाच्याची प्रत जुनी. 2022 च्या सातव्या आवृत्तीपासून ते पॅक यासाठी लागत नाही. मी शोधत बसलो. डोंगल बिचारं यूएसबी 1.1 च्या बैलगाडीत बसून जाणारं होतं, त्याला पॅकची गरजच नव्हती.

तेवढ्यात भाच्याने बुद्धी चालवली. सारखी खूण कशाला करायची, म्हणून त्याने कायमचा फिल्टर बनवला. फिल्टर म्हणजे पाहुण्याला लेखी परवानगी: अमुक उपकरण लागलं की ते थेट तुझं. त्यात कंपनीचा आणि वस्तूचा असे चार-चार अक्षरी दोन आकडे भरायचे असतात. गट नंबर आणि पोटहिस्साच म्हणा ना. भाच्याने चौकटी कोऱ्या ठेवल्या आणि ओके दाबलं.

कोऱ्या फिल्टरचा अर्थ, जे लागेल ते सगळं तुझं.

म्हणजे कोरं कुलमुखत्यारपत्र. पोराचा जन्म खालापुरातला, आजोळच्या दोन एकरांचं काय झालं हे लहानपणापासून ऐकलेलं, तरी कोऱ्या कागदावर सही केलीन!

आतलं यंत्र बंद करून चालू केलं. माउस हलेना. तो आत गेला होता. प्रिंटर आत. फोनला केबल लावून नेट घेतलं होतं, तो फोनही आत. पण आतल्याला तो ओळखता येईना, आणि आतल्याचं नेट बाहेरच्याच्या जिवावर चालत असल्यामुळे आत-बाहेर दोन्हीकडचं नेट गेलं. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड यूएसबीवर नव्हता म्हणून वाचला.

"मामा, सगळं गेलं."

"कुठे?"

"आत."

चार वाजून वीस मिनिटं. बाहेर पाऊस असा की उल्हास अंगणात येईल. दिवा एकदा मिचकला, आम्ही दोघांनी एकदमच छताकडे पाहिलं. टॅबच्या कळीने चौकटीचौकटीतून सरपटत मी तो फिल्टर काढला, सगळ्या केबली उपटल्या आणि एकेक करून पुन्हा लावल्या. फोन बाहेर. माउस बाहेर. मग नवा फिल्टर, यावेळी दोन्ही आकडे चष्मा लावून भरले. डोंगल लावलं. बाहेर क्षणभर 'टुडुंग', लगेच उतरत्या सुरात निरोप. आणि मग आतून, जुन्या विंडोजचा तो ओळखीचा आवाज.

यंत्राचा हा सोवळेपणा मला आवडला. एक वस्तू, एक ताबा, आणि तो बदलला तर घंटा वाजवून. आपल्याकडे घंटाबिंटा नसते. मी एका झेरॉक्सच्या दुकानात खणातली सात डोंगलं पाहिली आहेत, रबरबँडने बांधलेली. प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर पिन. ज्यांच्या सह्या त्यात होत्या ती माणसं कुठे शेतात, कुठे लग्नात, एक तर बहुधा पंढरीच्या वाटेवर. सह्या मात्र दुकानाच्या वेळेत चालू होत्या, जेवणाची सुट्टी सोडून.

चार बेचाळीसला पोर्टल उघडलं. सहीचं प्रमाणपत्र निवडा, असं म्हणालं. यादीत एकच नाव होतं. मी पुढे वाकून वाचलं आणि भाच्याकडे पाहिलं.

"फर्म आईच्या नावावर आहे ना," तो म्हणाला, आणि डोंगल किंचित फिरवून चिकटपट्टीवरचा पिन वाचू लागला.

चार बावन्नला सही झाली. स्वयंपाकघरातून भज्यांचा वास येत होता.

"झालं का रे तुमचं?" ताईने आतून विचारलं. "इतका वेळ काय करत होतात?"

"तू सही करत होतीस," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "चहात साखर कमी घालू ना तुझ्या?"