वहिनी, काल तुम्ही गेलात

चहाचा कप तोंडाला लावता लावता भावजी म्हणाले, "वहिनी, काल रात्री तुम्ही गेलात."

आवाजात खरं दुःख होतं. मी तव्यावरची पोळी उलटली आणि विचारलं, "कशानं?"

"ग्रेनेड. चूक माझीच. तुम्हाला अर्ध्या आडोशाला उभं करायला नको होतं."

'एक्सकॉम: एनिमी अननोन' नावाचा 2012 सालचा खेळ आहे. परग्रहावरचे लोक पृथ्वीवर उतरतात आणि आपण चार-सहा सैनिकांची तुकडी पटावरच्या सोंगट्यांसारखी एकेक चाल देत त्यांच्यावर सोडायची. सैनिकांना हवी ती नावं देता येतात. भावजींनी रेशनकार्ड समोर धरून नावं भरली. सासूबाई नेमबाज, लांबच्या गच्चीवरून टिपतात आणि आजवर चारदा कर्नल झाल्यात. मामंजींकडे औषधाची पेटी. आमचे 'हे' दर वेळी पहिल्याच मोहिमेत कामी येतात, त्याचं भावजींना विशेष वाटत नाही. गेलेला सैनिक परत येत नाही. तळावरच्या स्मृतिभिंतीवर नाव लागतं. माझं सातदा लागलंय. सातदा, कारण भावजींना हरल्याचं नव्हे तर कुणी गेल्याचं सोसत नाही. मग म्हणतात, "नवा रन," आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही म्हणाल, मागचं सेव्ह उघडावं, तीच गोळी पुन्हा झाडावी. मीही म्हणाले होते. भावजी कीव आल्यासारखं हसले. या खेळात फासा आधीच पडलेला असतो. पंच्याण्णव टक्के लागणारी गोळी हुकली की मागे जाऊन तीच चाल करा, तशीच हुकते. म्हणून क्रम बदलायचा: आधी सासूबाईंना कुठंतरी एक फुकटची गोळी झाडायला लावायची, म्हणजे हुकणारा फासा त्यांच्या वाट्याला जातो. बँकेत ऑडिट करणारा माणूस रात्री दीड वाजता नियतीच्या वहीत अशी खाडाखोड करत बसतो.

याचं प्रायश्चित्त म्हणून श्रावणात भावजी 'आयर्नमॅन' पाळतात. त्यात सेव्ह एकच, मागे फिरणं नाही. गेल्या श्रावणात गोकुळाष्टमीपर्यंत टिकले. त्या रात्री सासूबाई गेल्या. भावजींनी सबंध मोहीमच पुसून टाकली. सासूबाईंना सकाळी कळलं तेव्हा त्या उपासाच्या भगरीला दाण्याची आमटी करत होत्या. "कर्नल होते का रे मी तेव्हा?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुन्हा पहिल्यापासून खेळायचं हे व्यसन लागलं एका किल्ल्यापायी. 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' मूळ 1997 चा. भावजींनी तो पुढे पीएसपीवर, हातात मावेल अशा यंत्रावर, खेळला. त्यात रिओव्हानेस नावाचा किल्ला लागतो. तिथं लागोपाठ तीन लढाया, आणि मधली सुरू होते ती द्वंद्वानं: आपला नायक रामझा एकटा, समोर विग्राफ. लढायांच्या मधे खेळ आपुलकीनं विचारतो, सेव्ह करायचं का? भावजींनी केलं. जुन्याच्याच डोक्यावर केलं. रामझा कच्चा, आणि बाहेर पडून त्याला तयार करून आणायला वाट नाही. तीसेक तासांची मेहनत त्या दरवाजात अडकली. जगभर हजारो पोरं याच दारात अडकली असतील, पण भावजींना ते तेव्हा माहीत नव्हतं. आठवडाभर जेवण नीट गेलं नाही. मग त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं आणि घात झाला, कारण या वेळी जास्त मजा आली. आधी जो तिरंदाज होता त्याला जादूगार केलं, भित्र्याला सरदार केलं. पुढं काय वाढून ठेवलंय ते ठाऊक असल्यानं कुणावर विश्वास टाकायचा तेही कळलं. तेव्हापासून भावजी शेवटापेक्षा सुरुवातीचे झाले.

'फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस' आला 2019 मध्ये, आणि त्यानं तर सोयच करून दिली. आपण मठातल्या शाळेचे मास्तर, तीन वर्गांपैकी एक निवडायचा. पाच वर्षांनी युद्ध होतं आणि न निवडलेल्या वर्गातली पोरं समोरून तलवार घेऊन येतात. पहिल्या खेपेला भावजींनी त्यांना मारलं आणि दोन दिवस अपराध्यासारखे वावरले. मग त्या पोरांचे मास्तर होणं आलंच. मग तिसऱ्या वर्गाचे. त्यात एका वर्गाला पुढं दोन फाटे! विद्यार्थ्यांना चहालाही बोलवावं लागतं. एडेलगार्डला बर्गामॉट, दिमित्रीला कॅमोमाइल, भावजींना सगळं तोंडपाठ. मी लग्न होऊन आले त्याला चौदा वर्षं झाली. मी बिनसाखरेचा घेते हे त्यांना गेल्या महिन्यात कळलं.

मला या पुन्हा पुन्हा खेळण्याचं नवल वाटत नाही, कारण मी या घरातली रमी पाहिलेली आहे. डाव संपला, पत्ते पिसून झाले, तरी मामंजी सांगत असतात की तेव्हा बदामची राणी सोडायला नको होती. कोथरूडला शेतं होती तेव्हा एक तुकडा कवडीमोलानं मिळत होता, तो त्यांनी 'गावाबाहेर कोण राहणार' म्हणून सोडला. ती चाल ते रोज रात्री जेवताना पुन्हा खेळतात. फरक एवढाच, की भावजींना पडद्यावर 'न्यू गेम' मिळतं आणि मामंजींना ताक मिळतं.

30 सप्टेंबर 2025 ला 'टॅक्टिक्स' नव्यानं निघाला. पात्रांना आवाज आलेत आणि खेळ आता आपला आपण सेव्ह होतो. भावजींना हा व्यक्तिशः अपमान वाटला. तरी घेतलाच. परवा मामंजी शेजारी येऊन बसले, चष्मा पुसून बराच वेळ नकाशा पाहिला आणि म्हणाले, "यात जागा घेता येते का रे?"

"नाही बाबा. नुसती माणसं घेता येतात."

मामंजी उठून झोपायला गेले.

एक्सकॉमचा आठवा रनही सोबत चालूच आहे. सासूबाई मेजर झाल्यात. आमचे 'हे' पहिल्या मोहिमेत गेले. मी हे लिहीपर्यंत जिवंत आहे.