बाराच्या भावात

सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात, म्हणजे आताच्या ईश्वरपुरात, चौकात गाडी अडवली, तर लायसन्सचा विषय फार उशिरा निघतो. आधी प्रश्न येतो, "कुणाचा रं तू?" तोवर पोरानं फोन लावलेला असतो. "मामा, जरा बोला की ह्यास्नी." मामा कारखान्यात असतात, नाहीतर पतसंस्थेत, नाहीतर नुकतेच कुठल्यातरी पॅनेलमधून पडलेले असतात, पडलेल्या मामांचा आवाज जास्त चढा असतो. दोन मिनिटांत पाहुणेपणा निघतो आणि ट्रिपल सीट आलेली गाडी ट्रिपल सीटच पुढं जाते. लायसन्स घरी असतं. कधी कधी ते अजून काढायचं असतं.

अशा मुलखात लायसन्सवर वाईट गुण चढवायची पद्धत आणावी, असं दिल्लीत अधूनमधून कुणाला तरी वाटतं. ब्रिटनमध्ये ३ वर्षांत १२ गुण भरले की साधारण सहा महिने स्टीअरिंगला हात लावायचा नाही. फ्रान्सनं जुलै १९९२ मध्ये उलटा हिशेब मांडला: ६ गुण (पुढं ते १२ झाले) आधी देऊन ठेवायचे आणि चुकेल तसे कापत जायचे. तेव्हा तिथल्या ट्रकवाल्यांनी हमरस्ते अडवून देश ठप्प केला होता. रस्ता अडवायची त्यांची शिकवणी आमच्या पेठ नाक्यावर कुणी घेतली होती, याचा शोध लागलेला नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये तर जोडून सुट्ट्या आल्या की काही चुकांना दुप्पट गुण लागतात. आपल्याकडे दुप्पट कधी लावायचे? गणपती, जत्रा, लग्नसराई, निकालाचा गुलाल. उरलेल्या दिवसांत गळिताचा हंगाम असतो.

आपल्या देशात हे अगदीच झालं नाही असं नाही. शेजारच्या तेलंगणानं ऑगस्ट २०१७ पासून २४ महिन्यांत १२ गुण झाले की वर्षभर लायसन्स बंद, असा नियम केला. त्याआधी ३ जून २०१४ ला दिल्लीत मोटारीच्या अपघातात केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे गेले. त्याच वर्षी रस्तेमंत्री गडकरींच्या खात्यानं रस्ते सुरक्षेच्या नव्या कायद्याचा मसुदा काढला. त्यात गुण होते. मसुदा विरला. २०१९ ला जुन्याच कायद्यात दुरुस्ती झाली, तीत दंड वाढले आणि गुण गळाले. ते वाढलेले दंडही महाराष्ट्रानं लगेच घेतले नाहीत, कारण विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. ते लागू झाले डिसेंबर २०२१ मध्ये.

गंमत अशी, की त्याच दुरुस्तीत हेल्मेट नसेल तर दंडाबरोबर तीन महिने लायसन्स बंद, अशीही तरतूद आहे. ती मनावर घेतली तर आमचा अख्खा वाळवा तालुका उद्यापासून चालत कचेरीत येईल. बारा गुणांची वाट बघायची गरजच नाही.

खरी अडचण पुढंच आहे. गुण चढतात माणसाच्या लायसन्सवर आणि कॅमेरा टिपतो गाडीचा नंबर. बुलेट असते आजीच्या नावावर. चलनाचा मेसेज जातो ज्या एजंटनं कागद केले त्याच्या मोबाइलवर. कायद्याचं कलम १३३ म्हणतं, गाडी कोण चालवत होतं ते मालकानं सांगावं. आता आजी सांगणार? ती म्हणेल, "आमचं पोरगं असलं न्हाई." विलायतेत क्रिस ह्यून नावाच्या एका पुढाऱ्यानं २००३ मध्ये वेगाचे गुण बायकोच्या लायसन्सवर ढकलले. पुढं तो मंत्री झाला, मग संसार मोडला, प्रकरण फुटलं आणि २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. बिचाऱ्याला एक बायकोच सापडली. आमच्याकडे भावकी आहे. मुंबईला असलेल्या चुलत्याकडे लायसन्स आहे, गाडी नाही. त्याचे बारा गुण बांधावरच्या पडीक जमिनीसारखे मोकळे पडलेत. दिवाळीला आला की सही घ्यायची. सोयरिकीत विचारणा होईल: बागायत किती, नोकरी कुठं, लायसन्स कोरं आहे का. आणि कुणाच्या तरी वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागेल: 'दादांच्या विशेष प्रयत्नातून प्रभागातील तरुणांचे गुण माफ.' लोकअदालतीत चलनं तुटतात ती पाहता दादांवर अविश्वास दाखवायचं कारण नाही.

राहता राहिला ऊस. थंडीच्या रात्री पेठ-सांगली रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या निघतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाड्याखाली झाकलेला, पुढं टेपवर गाणं असं की हॉर्न दिला तरी तो त्याच गाण्यात मिसळावा. ह्याला किती गुण द्यायचे? मुकादमानं उचल देऊन आणलेला बीडकडचा माणूस बऱ्याचदा त्या सीटवर असतो. ज्यांच्या अपघातानंतर गुणांचा मसुदा निघाला, ते मुंडे ह्याच ऊसतोड्यांचे पुढारी होते. त्या ड्रायव्हरला इथं मामा नाही आणि फोन केलाच तर मुकादम म्हणतो, खेपा चुकवू नको. लायसन्स बंद झालं म्हणून उचल फिटत नाही.

ट्रॅक्टर मालकाच्या नावावर. ट्रॉलीला नंबर सापडला तर नशीब. ऊस शेतकऱ्याच्या नावावर, साखर कारखान्याच्या. लायसन्स तेवढं ड्रायव्हरचं स्वतःचं. बारा गुण बसवायला एवढी एकच जागा मोकळी आहे.