मोडीत किती जाईल हो?

काय चाललंय काय या जगात! जर्मनीतल्या म्युनिक शहरात म्हणे दर मार्चमध्ये दागिन्यांची जत्रा भरते आणि त्या जत्रेत सोनं शोधायला भिंग लागतं. आपल्याकडे लग्नात पहिल्या दोन रांगांवर नुसती नजर फिरवली की तोळ्यांचा हिशेब लागतो. तिथे जगभरातून विमानाची तिकिटं काढून आलेली माणसं गळ्यात फुटक्या बाटल्यांच्या काचा, बोटात खिळे-स्क्रू आणि छातीवर ओळखू न येणारं काहीबाही लावून हिंडतात. लाजत नाहीत हो, मिरवतात! समोर कुणी भेटलं की आधी त्याच्या ब्रोचकडे बघायचं, मग सवड झाली तर तोंडाकडे. आणि पुरुषही मागे नाहीत बरं का. आपल्याकडचा पुरुष फार तर एक अंगठी घालतो, तीही पत्रिकेतल्या शनीला भिऊन.

या जत्रेतल्या मुख्य प्रदर्शनाचं नाव ‘श्मुक’. जर्मनमध्ये त्याचा अर्थ ‘दागिना’, बस्स. हे प्रकरण १९५९ पासून चालू आहे. म्हणजे महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीपासून, आणि आपल्याला कुणी कळवलं नाही! हर्बर्ट होफमान नावाच्या गृहस्थांनी ते सुरू केलं, त्यांच्या नावाचा पुरस्कारही १९७३ पासून दिला जातो. भरतं कुठे? तर हस्तव्यवसायांच्या अवाढव्य मेळ्यात, जिथे लोक घराचं फर्निचर बघायला येतात. दर वर्षी एक जाणकार निवडीला बसतो, शेकडो अर्ज येतात, त्यातले साठेक लोक आत. उरलेले काय गप्प बसतात? ते शहरभर गॅलऱ्या, दुकानं, तळघरं गाठून आपापली मांडामांड करतात. आता मला सांगा, यातला पुरस्कार मिळालेला दागिना आपल्या सराफाच्या पेढीवर नेला तर तो काट्यावर ठेवेल की केराच्या टोपलीत?

या साऱ्या चळाचे एक महागुरू आहेत ओटो क्युंझली. जन्म स्वित्झर्लंडचा, पण १९९१ पासून २०१४ पर्यंत म्युनिकच्या कला अकादमीत बसून पोरं बिघडवली. यांचे प्रताप ऐका. १९८० साल. जानेवारीत सोनं औंसाला ८५० डॉलरवर पोचलेलं, तोवरचा उच्चांक. सगळं जग सोन्याकडे डोळे लावून बसलेलं. या बाबानं काय करावं? सोन्याचा एक गोळा घेतला, काळ्या रबराच्या नळीत कोंबला आणि त्याचं कडं केलं. बाहेरून दिसतं काय, तर एका जागी जरासा फुगवटा, अजगरानं उंदीर गिळल्यासारखा. नाव ठेवलं, ‘सोनं आंधळं करतं’. आत खरंच सोनं आहे का, हे बघायचं तर रबर कापा. कापलं की कलाकृती संपली! हॉलमार्क नाही, कसोटीचा दगड नाही, पक्की पावती नाही. नुसता विश्वास! विश्वासावर सोनं? आपल्याकडे व्याह्यांनी घातलेली चेनसुद्धा सत्यनारायण आटोपला की गुपचूप वजन करून येते.

त्याच वर्षी यांनी दोन माणसांची एक अंगठी केली. पोलादाची एक दांडी, तिच्या दोन टोकांना दोन कडी. एकात याचं बोट, दुसऱ्यात तिचं. एकानं चहा टाकायला उठायचं म्हटलं की दुसऱ्यालाही उठावंच लागणार. ही अंगठी आपल्याकडे साखरपुड्यातच घालायला हवी, असं आमच्या सोसायटीतल्या यच्चयावत बायकांचं मत पडलं.

पुढे १९८५-८६ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात देऊन यांनी लोकांच्या वापरलेल्या लग्नाच्या अंगठ्या विकत घेतल्या. काही मोडलेल्या संसारांतल्या, काही गेलेल्या माणसांच्या. अशा ४८ अंगठ्या एकमेकींत गुंफून साखळी केली. सोनं अस्सल, वजन दमदार, मोडीत भाव चोख. घालाल गळ्यात? बघा, हात मागे गेला ना!

आणि हा एकच असता तर म्हटलं असतं, असतो एखादा वेडा. इथे खाणच निघाली आहे. स्वित्झर्लंडचेच बर्नहार्ड शोबिंगर फुटक्या बाटल्यांचे गळे ओवून माळ करतात. कार्ल फ्रिच अंगठीवर खिळे रोवतात. डेव्हिड बीलांडर यांचं तर विचारूच नका. त्यांचं ब्रेसलेट आमच्या आत्याला फोटोत दाखवलं. आत्या ऐंशीच्या पुढची, पण दागिना म्हटलं की चष्मा आपोआप नाकावर येतो. तिनं कवळी सावरत फोटो मोठा करून बघितला. पुठ्ठ्याच्या खोक्याची पट्टी, कडेला नळ्या-नळ्या दिसताहेत, टोकं स्टेपलरच्या पिना मारून जोडलेली.

“पुठ्ठा आहे,” आत्या म्हणाली.

“चांदी आहे, आत्या. आणि त्या पिना पांढऱ्या सोन्याच्या.”

“मग दिसतो पुठ्ठा कसा?”

“मुद्दाम तसा केलाय.”

आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “आपण मेले पितळेला पाणी चढवून सोनं म्हणून मिरवतो, आणि हा सोन्याला पुठ्ठा म्हणून खपवतोय. याच्या घरी चोर येत असतील तर रडत जात असतील.”

हे खूळ काही आजचं नाही. हॉलंडमध्ये १९६७ सालीच खेइस बाकर यांनी धुराड्याच्या नळासारखा ॲल्युमिनियमचा गळपट्टा केला. त्यांच्या पत्नी एमी फान लिरसुम याही याच पंथातल्या, म्हणजे घरात शहाणं माणूस औषधालाही नाही. नाकापेक्षा मोती जड ही म्हण आपली. पण गळ्यापेक्षा नळ जड करून दाखवला तो डचांनी. लंडनमध्ये पिएर देगेन यांनी तर अंगावर शिडी चढवली. आपण शिडीवर चढतो, हे शिडी अंगावर चढवतात! बरं, एवढा मोठा ऐवज घडवून थकल्यावर बाकर यांना वाटलं असावं, दागिना हवाच कशाला? १९७३ मध्ये त्यांनी दंडाला सोन्याची तार करकचून आवळली, मग तार काढून टाकली. कातडीवर जो वळ उठला तो दागिना! वळ! मग आपल्या मोज्यांच्या इलॅस्टिकचं, परकराच्या नाडीचं काय? संध्याकाळी घरी येऊन नाडी सैल केली की आपल्याही कमरेभोवती मेखला उमटलेली असते. आजवर कुणी संग्रहालयात बोलावलं नाही.

त्यावर कडी केली ऑस्ट्रियाच्या पीटर स्कुबिक यांनी. १९७५ मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया करवून पोलादाचा तुकडा हाताच्या कातडीखाली बसवून घेतला आणि सात वर्षं तो तसाच वागवला. दिसत कुणालाच नाही. बघायचा तर एक्स-रे काढा. पुढे तो बाहेर काढून अंगठीत बसवला. ऐकून अंगावर काटा आला ना? पण थांबा, आत्याचा प्रश्न होता, “यात नवं काय? आमच्या आजीच्या हातावर गोंदण होतं की. सगळे डाग इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, म्हणायची.” झालं! निघालो होतो नाक मुरडायला, आणि आपल्याच पणजीनं सोनारासारखे कान टोचले.

पुढचं पोराबाळांसमोर वाचू नका. नाना मेलान नावाच्या नॉर्वेच्या बाईंनी केलेली माळ कशाची? तांब्यांची. पाणी प्यायच्या तांब्यांची नव्हे हो. दवाखान्यात बसवतात ती तांबी, वापरून काढलेली! माळेचं नाव ‘६८७ वर्षं’. हिशेब कसला, ते ज्याचं त्यानं ओळखावं. हॉलंडच्या टेड नोटन यांनी १९९५ मध्ये मेलेल्या उंदराच्या गळ्यात मोत्यांची इवलीशी माळ घालून त्याला ॲक्रिलिकच्या पारदर्शक ठोकळ्यात कायमचं बसवलं. उंदराला मोती, आणि आम्ही नवऱ्याकडे दहा वर्षं तन्मणी मागतोय! पण उंदीर परवडला. १९९८ मध्ये याच नोटननी च्युइंगम विकायला काढलं. तुम्ही विकत घ्यायचं, मनसोक्त चघळायचं, आणि तो चोथा त्यांच्याकडे पाठवायचा. ते त्याचा साचा करून धातूत ओततात आणि वर सोन्याचा मुलामा देऊन ब्रोच परत करतात. म्हणजे घडणावळीतले अर्धे कष्ट गिऱ्हाइकाच्या दातांनी घ्यायचे आणि पैसेही गिऱ्हाइकानेच द्यायचे. असला धंदा आपल्या झवेरी बाजाराला पाच पिढ्यांत सुचला नाही.

तुम्हाला वाटेल, हे घेतं कोण? अहो, रांगा आहेत. या पंथात माणूस कसा ओढला जातो, ते बघण्यासारखं असतं. पहिल्या वर्षी खो खो हसतो. दुसऱ्या वर्षी हळूच विचारतो, “सहज हं, पण केवढ्याला?” तिसऱ्या वर्षी एक छोटासा ब्रोच घेतो, ‘गंमत म्हणून’. चौथ्या वर्षी त्याला सोन्याचा गोफ अगदीच बटबटीत वाटायला लागतो. पाचव्या वर्षी तो नजरेनंच तुमची कीव करतो. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या अशा भक्तांनी ‘आर्ट ज्वेलरी फोरम’ नावाचं रीतसर मंडळच काढलं. ते बक्षिसं देतं आणि दागिने बघायच्या सहलीही काढतं. आपण अष्टविनायक करतो, हे म्युनिक करतात.

संग्रहालयांनाही भूल पडली. ह्यूस्टनच्या कला संग्रहालयानं २००२ मध्ये हेलन ड्रट नावाच्या बाईंचा असल्या दागिन्यांचा संग्रह घेतला. म्युनिकच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात २००४ पासून या दागिन्यांना स्वतंत्र गोल दालन आहे. आणि ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, जिथे रेम्ब्राँची चित्रं बघायला जग लोटतं, तिथेही २०१० मध्ये मार्यान उंगर या बाईंच्या संग्रहातले पाचशेच्या आसपास दागिने देणगी म्हणून दाखल झाले. रेम्ब्राँच्या शेजारी!

आणि भक्तांमधली मोठी असामी कोण? अमेरिकेच्या एकेकाळच्या परराष्ट्रमंत्री मॅडलीन ऑलब्राइट. इराकच्या वर्तमानपत्रानं नागीण म्हटलं, तर बाई इराकी मुत्सद्द्यांना भेटायला नागाचा ब्रोच लावून गेल्या. तेव्हापासून चटकच लागली. मग त्यांच्यासाठी आपल्या धुराडेवाल्या बाकर यांनी १९९७ मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या तोंडाचा ब्रोच केला. देवतेच्या डोळ्यांच्या जागी दोन घड्याळं, एक सुलटं, एक उलटं. उलटं बाईंनी खाली मान घालून वेळ बघायला, आणि सुलटं समोरच्या पाहुण्याला, ‘निघा आता’ असं न बोलता सांगायला. खरं सांगा, असा एक ब्रोच आपल्याही दिवाणखान्यात हवा की नको? मे महिन्यात आठ दिवसांसाठी म्हणून येऊन पंधरा दिवस राहणाऱ्या पाहुण्यांसमोर लावायला?

बघा, हसलात. आलात जाळ्यात.

कारण आपण कुठले साधेसुधे? आपली कपाटं उघडा की जरा. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये श्वास कोंडून बसलंय, आणि ड्रॉवरमध्ये काय आहे? ऑक्सिडाइज्ड झुमके, मातीच्या माळा, खणाच्या कापडाची गळ्यातली, कागदाच्या गुंडाळ्यांची कानातली, दोरा गुंडाळलेल्या बांगड्या. मंगल कार्यालयात ‘प्रदर्शन व विक्री’ची पाटी दिसली की ‘नुसतं बघून येते’ म्हणून कोण जातं आणि चार पिशव्या घेऊन कोण येतं? त्यातल्या एकाही डागाला मोडीत छदाम येणार नाही. सगळीच घडणावळ! च्युइंगमच्या चोथ्याला हसलो ना? मग बाळाचं जावळ, नाळेचा तुकडा, हो, अगदी अंगावरचं दूधसुद्धा रेझिनमध्ये गोठवून त्याचं पदक करून देणाऱ्यांकडे आपल्याच लेकीसुनांचे नंबर लागलेत, ते काय आहे?

आणि हे तरी नवं कशाला म्हणा. संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून आपण तिच्या अंगावर काय चढवतो? हलव्याचे दागिने. साखरेच्या पाकात तीळ-खसखस घोळवून, काटा फुलवून केलेला हलवा, जरीचा दोरा आणि खाली पुठ्ठा. हार, तन्मणी, बाजूबंद, मंगळसूत्रसुद्धा साखरेचं! जावयाच्या हातात साखरेचा नारळ, बोरन्हाणाला बाळाच्या डोक्यावर साखरेचा मुकुट. बाळ तो चाटतं, उरलेल्याला रात्री मुंग्या लागतात. मोड शून्य, टिकाऊपणा एक दिवस, आणि तरीही अल्बममध्ये पहिला फोटो त्याचाच. हे म्युनिकला पाठवलं असतं ना, तर काचेच्या पेटीत ठेवून त्याच्याभोवती पांढरे हातमोजे घातलेली माणसं उभी राहिली असती. आपण मात्र वर्षानुवर्षं ते नेसत्या साडीवर घालून वाण लुटत बसलो.

हे सगळं आत्याला वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ती ‘शी’, ‘मेल्यांनो’, ‘काय गं बाई’ करत होती. म्हटलं, चला, निदान एक माणूस तरी शुद्धीवर आहे. निघताना तिनं मागून हाक मारली. इकडे-तिकडे बघून आवाज बारीक केला.

“ते च्युइंगमवाले अजून घेतात का गं? आणि विचार त्यांना, कवळीनं चावलेलं चालतं का.”