तुमच्या मागे मिक्सर चालू आहे का?

हातातला वायरलेस सेट दोन तऱ्हांनी बिघडतो. पहिल्या तऱ्हेत तुम्हाला दुसऱ्याचं नीट ऐकू येत नाही. खरखर होते, शब्द तुटतात, तुमची चिडचिड होते आणि तुम्ही सेट दुरुस्तीला नेता. दुसऱ्या तऱ्हेत तुम्हाला सगळं लख्ख ऐकू येतं. फक्त तुम्ही बोलायला लागलात की तुमच्या शब्दांबरोबर एक घूंऽऽ असा आवाज जगभर जातो. जगभर म्हणजे पाच वॉटला जेवढं जग गाठता येतं तेवढं. आमच्या बाबतीत कोथरूडपासून हडपसरपर्यंत, तेही डोंगरावर बसून आवाज पुढे फेकणाऱ्या रिपीटरची कृपा असेल तर. या दुसऱ्या तऱ्हेत सेटचा मालक अतिशय सुखी असतो. त्रास होतो तो बाकीच्यांना.

मालक सुखी राहावा ही सोय सेटच्या रचनेतच केलेली आहे. बोलण्यासाठी बाजूचं बटण दाबलं की ऐकणारा भाग बंद होतो आणि बोलणारा चालू होतो. बटण सोडलं की उलटं. बोलता बोलता ऐकणं या यंत्राला जमत नाही. मी जन्मापासून पुण्यात राहत असल्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही.

मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला. ही हौस सरकारदरबारी परीक्षा दिल्याशिवाय करता येत नाही. परीक्षेत ओहमच्या नियमापासून आंतरराष्ट्रीय नियमांपर्यंत सगळं विचारतात आणि वरच्या श्रेणीसाठी मोर्सची कडकट्टही यावी लागते. पास झालात की ‘व्हीयू’ने सुरू होणारी स्वतःची संज्ञा, अर्थात कॉलसाइन, मिळते. राजीव गांधी व्हीयू२आरजी होते, जॉर्डनचे राजे हुसेन जेवाय१ होते. हे ऐकलं की नातेवाईक आदराने विचारतात, “मग तुम्ही कुणाकुणाशी बोलता?” मी खरं ते सांगतो, “रोज सकाळी पुण्यातल्याच निवृत्त मंडळींशी.” आदर तिथेच संपतो.

या मंडळींच्या रोजच्या भेटीला ‘नेट’ म्हणतात. ठरलेली वेळ, ठरलेली फ्रीक्वेन्सी. व्यापाराबद्दल बोलायला नियमाने बंदी. राजकारण आणि धर्म संकेताने वर्ज्य. उरतं हवामान आणि रेडिओ. पुण्यात हवामानाला दोन मिनिटं पुरतात. त्यामुळे रेडिओवर आम्ही मुख्यत्वे रेडिओबद्दल बोलतो आणि सुरुवात एकमेकांना मार्क देऊन करतो. स्पष्टतेला पाचपैकी, ताकदीला नऊपैकी. पैकीच्या पैकी मिळाले की ‘फाइव्ह नाइन’. सभ्यतेचा भाग म्हणून ते सगळ्यांनाच मिळतात. जागतिक स्पर्धांत तर ‘तुम्ही फाइव्ह नाइन आहात, आता तुमची संज्ञा परत सांगा, काहीच कळली नाही’ असं लोक एका दमात म्हणतात आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही.

या सभ्यतेत माझा नवा चिनी सेट बराच काळ सुखाने नांदला. मला रोज फाइव्ह नाइन मिळत होते. मग एके दिवशी नेटवरच्या काकांनी मला गाठलं. काका आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ. आयुष्यभर ट्रान्समीटर सांभाळलेले अभियंते, आणि निवृत्तीनंतर ती सांभाळायची सवय माणसांवर वळवलेली. ते म्हणाले, “एक विचारू का? तुमच्या मागे मिक्सर चालू आहे का? ओव्हर.”

मी म्हटलं, “नाही. ओव्हर.”

“वहिनींना म्हणावं, दोन मिनिटं थांबवा. ओव्हर.”

वहिनी, म्हणजे माझी बायको, बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होती. मिक्सर कपाटात होता. तिने तिथूनच सांगितलं, “काकांना सांग, आमच्याकडे चटणी पाट्यावर होते.” हे खोटं होतं, पण बाणेदार होतं, म्हणून मी तसंच कळवलं.

काकांनी विषयाला तोंड फोडल्यावर बाकीच्यांनाही वाचा फुटली. एकाला वाटत होतं की मी रोज रिक्षातून बोलतो. एकाचा समज असा, की आमच्या इमारतीखाली पिठाची गिरणी आहे. तिसऱ्याने सगळ्यात मोठा धक्का दिला : “आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.” हीच मंडळी कालपर्यंत मला पाचपैकी पाच देत होती!

आता दोष शोधायचा, तर तो आधी ऐकायला हवा. लेकीने लॅपटॉपला टीव्हीचा स्वस्तातला डोंगल जोडला. हा डोंगल मुळात टीव्ही दिसावा म्हणून बनवलेला, पण त्यातली चिप आसपासचं बरंच काही ऐकू शकते असा शोध कुणालातरी लागला आणि जगभरचे हॅम त्याच्यामागे लागले. लॅपटॉप आतल्या खोलीत ठेवला, मी गॅलरीत उभा राहून आकडे मोजले आणि मग सगळ्यांनी मिळून ते ध्वनिमुद्रण ऐकलं. घूं स्पष्ट होतं. पण त्याहून वाईट म्हणजे माझा आवाज! स्वतःचा आवाज आपण कवटीच्या हाडांतूनही ऐकत असल्यामुळे आपल्याला तो भारदस्त वाटतो. जगाला हवेतून मिळतो तो पातळ आणि नाकातला. मी लेकीला विचारलं, “हा असा आवाज का येतोय?” ती म्हणाली, “बाबा, तो दोष नाहीये. तो तुम्ही आहात.”

निदानाची सुरुवात विजेपासून करायची असते. चार्जरच्या स्टँडवर ठेवलेल्या सेटवरून बोललं तर घरातली वीज आवाजात शिरू शकते. आपली वीज ५० हर्ट्झची. ती सरळ करताना १०० हर्ट्झची लहर उरते आणि तीच गुणगुणते. गाडीत चार्जिंगला लावलेला सेट असेल, तर गाडीचा अल्टरनेटर किणकिणतो आणि अॅक्सिलरेटर दाबाल तसा सूर चढतो. माझा सेट मात्र नुसत्या बॅटरीवर, गॅलरीत, एकाच पट्टीत घूं करत होता. वीज निर्दोष सुटली.

मग पॉवर कमी केली. पाच वॉटचा एक वॉट केल्याबरोबर घूं जवळजवळ नाहीसं झालं. अँटेना काढून तिच्या जागी डमी लोड लावला तेव्हा तर ते समूळ गेलं. डमी लोड म्हणजे ५० ओहमचा रोधक, जो सेटची सगळी ताकद मुकाट्याने गिळतो आणि बाहेर जवळपास काहीच जाऊ देत नाही. सेट हाताने वेगळ्या तऱ्हेने धरला की आवाजाची जात बदलायची. तीन साक्षी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या : सेटचं स्वतःचं प्रक्षेपण त्याच्या स्वतःच्याच माइकमध्ये शिरत होतं.

हे घडतं कसं? असल्या सेटमधला माइक इलेक्ट्रेट जातीचा असतो. १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी तो शोधला. अशा माइकच्या डबीतच एक चिमुकला ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. त्याचं काम माझा आवाज वाढवून पुढे देणं. पण चार बोटांवरच्या अँटेनामधून पाच वॉटचा मारा सुरू झाला की तो गांगरतो आणि रेडिओलहरींनाही आवाज समजून पुढे पाठवतो. ते पुन्हा अँटेनातून बाहेर पडतं, पुन्हा माइकमध्ये येतं. थोडक्यात, सेट स्वतःच बोलतो, स्वतःच ऐकतो आणि ऐकलेलं स्वतःच पुन्हा सांगतो. साहित्य संमेलनांना जाणाऱ्यांना अधिक खुलासा नको.

काकांनी पहिला उपाय सांगितला तो शेपटाचा. आखूड रबरी अँटेनाला खाली जमिनीचा आधार लागतो आणि तो आधार, दुसरं काही नसल्यामुळे, सेट धरणाऱ्याचा हात देतो. म्हणून अँटेनाच्या बुडाशी सुमारे ४९ सेंटिमीटरची, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या पाव तरंगाएवढी, वायर लोंबती सोडायची. हॅम लोक तिला ‘टायगर टेल’ म्हणतात. ती लावल्यावर घूं निम्म्यावर आलं. पण संध्याकाळी सोसायटीच्या आवारात शेपूट लावलेला सेट घेऊन मी फिरू लागलो, तेव्हा मुलं खेळ थांबवून मागे यायला लागली आणि एकाने माझ्या देखत ते ओढून पाहिलं. सचिवांनीही एकदा सहज विचारल्यासारखं करून विचारलं, “हे परवानगीनेच ना?” मी परवाना दाखवला. त्यावर शेपटाचा उल्लेख नव्हता.

खरा उपाय दुसराच होता : माइकच्या दोन टोकांमध्ये १०० पिकोफॅरडचा एक कॅपॅसिटर. याचं गणित सुरेख आहे. १ किलोहर्ट्झच्या आसपासच्या मानवी आवाजाला हा कॅपॅसिटर सुमारे १६ लाख ओहमचा अडथळा वाटतो, म्हणून आवाज त्याच्या वाटेला जात नाही. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीला मात्र तो जेमतेम ११ ओहमचा. तिला ही पळवाट इतकी सोपी वाटते की ती माइकच्या ट्रान्झिस्टरकडे न वळता थेट जमिनीत जाते. चांगला वॉचमन असाच असतो : रहिवाशाला वर सोडतो आणि नको त्या पाहुण्याला, त्याचा अपमान न करता, मागच्या फाटकातून बाहेर काढतो.

कॅपॅसिटर आणायला मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. पुण्यातला कुठलाही इलेक्ट्रॉनिक दोष अखेर या गल्लीत येऊन पोचतो. दुकानदाराला म्हटलं, “शंभर पिकोफॅरडचा कॅपॅसिटर द्या.”

त्याने वर न बघता विचारलं, “एकशे एक की एकशे चार?”

“शंभर.”

“म्हणजे एकशे एक.”

त्याचं बरोबर होतं. या कॅपॅसिटरवर तीन आकडे छापलेले असतात. पहिले दोन खरे, तिसरा म्हणजे पुढे किती शून्यं द्यायची ते. १०१ म्हणजे दहावर एक शून्य, शंभर. १०४ म्हणजे दहावर चार शून्यं, एक लाख. तो लावला असता तर घूंबरोबर माझ्या आवाजातली सगळी धारही जमिनीत गेली असती.

“एक द्या,” मी म्हटलं.

आता त्याने वर बघितलं. “एकशे एक हवाय म्हणता आणि एकच मागता? पाकीट घ्या. शंभर येतात.”

पाकिटाहून जास्त पैसे पार्किंगला गेले.

सेट उघडणं हा कौटुंबिक कार्यक्रम झाला. अँटेना काढली, आवाजाची चकती उपसली, बॅटरीमागचे दोन स्क्रू काढले आणि सगळा अंतर्भाग सरकून बाहेर आला. माइकशेजारी पाहतो तो छापील पाटीवर कॅपॅसिटरची जागा आखलेली, दोन कथलाचे ठिपकेही दिलेले, फक्त कॅपॅसिटर नव्हता. आराखड्यात बाग आहे आणि जागेवर पाटी आहे, हे दृश्य पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय असतेच. भिंगातून बघत, श्वास रोखून, मी कॅपॅसिटरचे दोन पाय कापून आखूड केले आणि सोल्डर मारला. बायकोने टॉर्च धरला होता. “एवढ्याशा वस्तूसाठी माझ्या मिक्सरचं नाव घेतलं!” एवढंच ती म्हणाली.

नवं ध्वनिमुद्रण ऐकलं. घूं गेलं होतं. नाकातला आवाज शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी नेटवर मी मोठ्या अपेक्षेने बटण दाबलं आणि कसा येतोय ते विचारलं. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं : फाइव्ह नाइन. म्हणजे जेवढे आधी होते तेवढेच. शंभरापैकी शंभर आधीच देऊन ठेवले की सुधारणेला जागा राहत नाही. फक्त काका म्हणाले, “मिक्सर थांबला वाटतं. आता तुम्ही काय बोलता ते कळतं. ओव्हर.” पुढे काही वेळ कुणीच काही बोललं नाही, कारण मी काय बोलतो ते आता खरोखरच कळत होतं.

लॅपटॉप मात्र चालूच राहिला होता आणि मला नवा कान फुटला होता. संध्याकाळी मी त्या सकाळचं संपूर्ण ध्वनिमुद्रण ऐकलं. काकांच्या प्रत्येक वाक्याखाली एक घूं होतं. माझ्या घूंपेक्षा जुनं आणि मुरलेलं. पुढे एकदा काकांनी सहज पॉवर कमी केली, तेव्हा ते विरघळून गेलं. म्हणजे आजार तोच, उपायही तोच. मी एकेकाला फोन करून विचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं. “पण सांगणार कोण?” एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, “मला वाटायचं, त्यांचा आवाजच तसा आहे.”

काकांना कुणीतरी सांगायला हवं, यावर सर्वांचं एकमत झालं, आणि त्या कुणीतरीची निवड करायची वेळ आली तेव्हा प्रत्येकाच्या घराचं दार वाजलं.

माझ्याकडे कॅपॅसिटर भरपूर आहेत. वस्तू पैशांत मोजली तर काहीच नाही. खर्च आहे तो ती देताना म्हणायच्या वाक्याचा. पण तोड सापडली आहे. काकांची पंचाहत्तरी जवळ आली आहे. पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असं ठळक छापलं आहे. मी तरीही पाकीट घेऊन जाणार आहे. वर नाव घालणार नाही. आत एकशे एक असेल.