अस्वल शिफारसपत्र देत नाही

अमेरिकेत अकरावी आणि बारावीच्या मधल्या उन्हाळ्याला अजूनही सुट्टी म्हणायची पद्धत आहे. खरं तर तो कॉलेजच्या अर्जातला एक रकाना असतो. तो भरायला एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंतच्या मराठी घरांत थंडीतच रानावनातल्या उन्हाळी प्रोग्रामची माहितीपत्रकं गोळा होऊ लागतात. प्रत्येकावर कातळावर हात पसरून उभी पोरं, आणि पानोपानी ‘नेतृत्वगुण’. आईबाबा स्थळं पाहावीत तसे प्रोग्राम पाहतात: घराणं कोणतं, खर्च किती, पुढे हार्वर्डशी सोयरीक जुळेल का. माझं म्हणणं असं की या बैठकीतून कॉलेजला आधी उठवावं. कॉलेजांच्या सामाईक अर्जात, म्हणजे कॉमन अ‍ॅपमध्ये, उपक्रमांना जागा दहा, आणि एका उपक्रमाच्या वर्णनाला अक्षरं १५०, मधल्या मोकळ्या जागा धरून. महिनाभराचे डोंगर, डास आणि ओले मोजे एवढ्यात बसवायचे. किराण्याच्या यादीलाही याहून जास्त जागा लागते. यावर कोणी म्हणेल, ६५० शब्दांचा निबंध आहे की! आहे, पण पाऊस आला, तंबू गळला आणि मी नेता झालो, हा निबंध वाचून प्रवेश समितीचे डोळे केव्हाच पांढरे झालेत. हार्वर्डच्याच शिक्षणशाखेतून २०१६ साली निघालेल्या एका अहवालानं तर दूरदेशीच्या दिखाऊ समाजसेवेला आवर घाला आणि घरातल्या जबाबदाऱ्याही मोजा, असं सुचवलं. म्हणजे धाकट्या भावाला रोज शाळेतून आणणंही अर्जात बसतं, आणि त्याला विमानाचं तिकीट लागत नाही.

मुळात असे प्रोग्राम चालवणाऱ्या संस्था काढणाऱ्यांच्या मनात कॉलेज नव्हतंच. आउटवर्ड बाउंड १९४१ साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथं सुरू झाली, ती ऐन युद्धात जहाज बुडालं तर तरुण खलाशांनी तग धरावा म्हणून. त्या पोरांना प्रवेश नको होता, समुद्रातून बाहेर यायचं होतं. वायोमिंगच्या लँडर गावी १९६५ साली नॉल्स ही रानात राहायला शिकवणारी शाळा काढणारा पॉल पेटझोल्ट १६ व्या वर्षी काउबॉय बूट घालून ग्रँड टीटनवर चढला होता. आजच्या आईनं आधी बुटांची यादी मागवली असती. स्टुडंट कन्झर्व्हेशन असोसिएशनची कल्पना तर व्हासार कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून आली आणि १९५७ साली पोरं राष्ट्रीय उद्यानांत कामाला लागली. तेव्हा कॉलेजातून रानाकडे वाट जात होती. आपण ती उलटी चालतो आहोत.

मग निवडायचं कशावरून? दिवसभर हाताला काम काय, यावरून. भांडी कोण घासणार? शौचाला पाण्यापासून २०० फूट लांब जाऊन सहा ते आठ इंच खोल खड्डा कोण खणणार? या प्रश्नांना ‘तुमचंच मूल’ असं उत्तर देणारा प्रोग्राम भरवशाचा. पायवाटा दुरुस्त करणाऱ्या तुकड्या मला त्यातही उजव्या वाटतात. १९६४ च्या कायद्यानं राखलेल्या रानात यंत्राची करवत सहसा चालत नाही, म्हणून आडवं पडलेलं झाड दोघांनी दोन टोकांना धरायच्या लांब करवतीनं कापायचं. ही करवत फक्त आपल्याकडे ओढायची. जोडीदाराच्या पाळीत जोर लावून ढकलली की पातं वाकतं आणि अडकतं. घरापासून शाळेपर्यंत सगळीकडे ढकलण्याचीच सवय असलेल्या मुलाला हे जमायला वेळ लागतो. ‘पैसे नसतील त्यांनी काय करायचं?’ हा आक्षेप खरा आहे. नावाजलेल्या मोहिमांना हजारो डॉलर पडतात. शिष्यवृत्त्या असतात, पण त्यांची चौकशी मार्चअखेरीला नव्हे, थंडीतच करायची. आणि एक सावधगिरी: बिघडलेल्या मुलांना सुधारण्याचे प्रोग्रामही असल्याच नावांनी चालतात. न वाचता अर्ज भरला तर गुणी मुलाला तिथं आपण नेमकं काय केलं याचा विचार करत उन्हाळा काढावा लागेल.

राहिली अस्वलाची भीती. ती रास्त आहे, फक्त चुकीच्या जागी आहे. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या आडरानात खाणंपिणं, टूथपेस्टसुद्धा, कडक कवचाच्या बंद डब्यात ठेवावं लागतं. अस्वलाला मुलापेक्षा आईनं दिलेल्या बेसनाच्या लाडवांत रस असतो, आणि डबा इतका लहान की लाडू आणि आठवड्याचा शिधा यांतलं एकच काहीतरी मावतं. ‘पण फोन लागणार नाही!’ नाही लागणार. अडीअडचणीला प्रशिक्षकांकडे उपग्रहाशी जोडलेलं साधन असतं का, हे आधी विचारून खात्री करून घ्यावी. जूनच्या एसएटी प्रवेशपरीक्षेचे मार्क जूनमध्येच लागतात, ही मात्र त्यांच्या लेखी अडचण नव्हे.