मेजाच्या दोन बाजू
पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील, म्हणजे भूजल खारे असलेल्या गावांचाही समावेश असलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी २०१८ मध्ये जागतिक बँकेशी ४२ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला, तेव्हा वाटाघाटीत ऋणकोची अब्रू उत्तम सांभाळली गेली: मुदत २४ वर्षांची आणि त्यात पहिली ६ वर्षे सवलतीची, म्हणजे मुद्दलाला हात न लावण्याची. त्याच पट्ट्यातल्या दर्यापूरच्या शेतकऱ्याला मात्र पीककर्जाच्या अटींवर वाटाघाटीची तसदी कोणी देत नाही (तेवढाच त्याचा वेळ वाचतो). सातबारा, आठ-अ आणि नो ड्यूज जोडून तो दाखवतील तिथे सही करतो, आणि कपाशीचा भाव पडो वा तूर मर रोगाने जावो, व्याजसवलत हवी असल्यास वर्षाच्या आत सारी रक्कम भरतो.