खुर्ची हलवायची परवानगी

गुन्ह्याच्या जागेचे फोटो काढणाऱ्याला सगळ्यात आधी हात आवरावा लागतो. उलटी पडलेली खुर्ची उलटीच राहू द्यायची, अर्धा प्यालेला चहा तसाच, पडदा वाकडा तर वाकडा. शेजारी मोजपट्टी ठेवून खटका दाबायचा. फोटो देखणा आलाच, तर ते कुणाला सांगायचं नाही. बेल वाजली की सोफ्याची कव्हरं ताणायला धावणारे आपण. आपल्याला ही नोकरी दुपारपर्यंतही झेपायची नाही.

अमेरिकेतल्या अँजेला स्ट्रासहाइमनं ती केली. न्यायवैद्यक छायाचित्रणाचं रीतसर शिक्षण घेतलं, मग येल विद्यापीठात जाऊन २००३ साली कलेची पदव्युत्तर पदवी मिळवली. त्यानंतर तिनं घरगुती प्रसंग टिपले, पण स्वतः मांडून! मुलाचे केस विंचरणारा बापसुद्धा तिनं उभा केला तिथंच उभा. इतकी वर्षं कशाला हात लावायचा नाही म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? अख्खं घर हलवणार. आणि गंमत अशी, की त्या चकाचक घरांत काहीतरी घडून गेलंय, असं बघणाऱ्याला उगाचच वाटत राहतं. डोळा काही राजीनामा देत नाही.

पुढं 'एव्हिडन्स' या मालिकेसाठी ती जुन्या वाटेनं परत गेली. घरच्याच माणसांत खून झाले होते, अशी घरं शोधायची, आता तिथं राहणाऱ्यांचं दार वाजवायचं आणि भिंतीवर रसायन फवारू का, विचारायचं. (आपल्याकडे आधी चहा झाला असता, मग 'घरमालक काही बोलणार नाही ना?' हा प्रश्न.) रक्तातल्या लोहाशी गाठ पडली की ते रसायन अंधारात उजळतं. भिंत धुतलेली असो, वर रंगाचे हात मारलेले असोत, डाग पुष्कळदा हजर होतोच. काळ्यापांढऱ्या फोटोत ते शिंतोडे चांदण्यासारखे दिसतात, आणि क्षणभर सुंदर म्हणून आपलीच आपल्याला लाज वाटते. मला तिचं हे काम जास्त मोठं वाटतं. इथं तिनं खुर्ची पुन्हा जागच्या जागी राहू दिली आहे.

असल्या रसायनाला ब्लीचही चालतं, त्यानंही ते चमकतं. तेव्हा दिवाळीत न्हाणीघर घासणाऱ्यांनी अशा पाहुण्यांना शक्यतो बाहेरच्या खोलीत बसवावं.